एका जारच्या मिचक्या

वानाडोंगरीच्या मागच्या गल्लीत
टिनाच्या शेडखाली गोड पाणी तयार होतं.
बोअर तीनशे फूट, टीडीएस सोळाशे.
या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबण नुसता हातावरून सरकतो.
त्याला दाबून, पातळ पडद्यातून पलीकडे ढकलून
वीस-वीस लिटरच्या निळ्या जारांत भरतात.

मी गेले क्लॅम्प मीटर घेऊन.
काम एवढंच :
हजार लिटर गोड पाण्यामागे किती युनिट.
पंपाच्या वायरीला चिमटा लावला,
अँपिअर वाचले, दोनशे तीसने गुणले,
वहीत लिहिलं : अडीच.

रूपचंद बारापात्रे झाकणं पुसत होते.
"अडीच नाही होत जी," म्हणाले,
"एक पूर्णांक नऊ."
आणि ओल्या फडक्यासकट भिंतीकडे हात केला.

भिंतीवर वीज कंपनीचं मीटर,
त्यावर लाल ठिपका, लुकलुकणारा.
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
हे मीटरवरच छापलेलं असतं, कोणी वाचत नाही.
बारापात्रे त्याला मिचकी म्हणतात.
जार नळाखाली ठेवायचा, भरेपर्यंत मोजायचं.
"एका जारले एकशे बावीस. तुमीच पाहा."
मी मोजल्या. एकशे एकवीस.
एक बहुतेक माझ्याच पापणीखाली गेली.

पॉवर फॅक्टर धरायला मी विसरले होते.
त्यांना सांगितलं नाही. अडीचवर काट मारली.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तीन वर्षांचा हिशेब :
डिसेंबर १४०. मे १०८.
सप्टेंबरात १३१, शेजारी शिसपेन्सिलीनं 'खपली',
मग अ‍ॅसिडनं धुतलं, मग ११९.
"थंडीत पाणी आखडून बसते, निंघतच नाही.
उन्हाळ्यात टाकी तापली का सरसर.
नागपूरच्या उन्हानं कोनाचं भलं केलं असन
तर माह्या बिलाचं."
पण पंचेचाळीसच्या वर पडदा जातो,
म्हणून मे महिन्यात टाकीवर
कूलरची जुनी वाळ्याची ताटी, भिजवून.

जितकं गोड तितकंच खारं,
मागच्या नळीतून नाल्यात, फुसकन, दाबासकट.
त्याच्या मिचक्या गोड पाण्याच्याच नावावर.
आणि उत्तरेला कोराडीच्या चिमण्या, इथून न दिसणाऱ्या,
तिथं या मिचक्या तयार होतात
आणि तिथंही आधी पाणीच लागतं.
ते मी कोणत्या रकान्यात लिहू?
माझ्या तक्त्यात रकाने सहा.

मी म्हटलं, पुस्तकात एक आकडा असतो.
मिठाला पाणी सोडायला लावायचं
तर निसर्ग किमान किती मागतो त्याचा.
या पाण्याला, एका जारमागे, तीन मिचक्या.
"तीन?"
फार तर.
"मंग बाकीच्या एकशे एकोणीस?"
मी पंपाकडे पाहिलं. त्याची घरघर. व्हॉल्व्हची शिट्टी.
इस्त्री तापली का पाहतात
तसा बारापात्र्यांनी पंपाला हात लावला
आणि लगेच काढला.

पियूष जार उचलायला आला तेव्हा ते म्हणाले,
"याचंही मोजा. तिसऱ्या मजल्यावर नेते,
लिफ्ट नाही तिथं."
वीस किलो, दहा मीटर. वहीच्या कडेला गुणाकार केला,
दोनदा केला, कारण पटेना.
पावणेदोन.
"पावणेदोन काय?" पियूष.
मिचक्या.
त्यानं ठिपक्याकडे पाहिलं.
एक, दोन. तिसरा मजला झाला.

"हे जाराचं झालं," मी घाईनं म्हटलं, "फक्त जाराचं."
त्यानं जार डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला.
"अन् मी?"

नळाखाली दुसरा जार लागला होता.
माझी मोजणी मधेच कुठंतरी सुटली.